ॲस्बेस्टॉसचे देणेकरी

'विक्रांत' या आपल्या पहिल्या विमानवाहू नौकेचा शेवट मुंबईच्या दारुखान्याला झाला. रे रोड स्टेशनावर उतरून पूर्वेकडे चालू लागले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साखळदंड, कप्प्या, नांगर, जाड दोरखंड आणि गंजक्या नळ्यांचे ढीग लागतात. गाळ्यांच्या पाठीमागे बंदराचा चिखल, आणि त्या चिखलात भरतीच्या पाण्यावर ओढून आणलेली, तोडीला लागलेली जहाजे. 1997 मध्ये नौदलातून निवृत्त झालेली, पुढे काही वर्षे संग्रहालय म्हणून मुंबईकरांनी पोराबाळांना घेऊन पाहिलेली ही नौका 2014 च्या अखेरीस इथे गॅस कटरखाली गेली. हळहळ पुष्कळ झाली, न्यायालयापर्यंत गाऱ्हाणी गेली. पण सगळी चर्चा नौकेचे काय होणार याची होती. तिला तोडणाऱ्यांचे पुढे काय होणार, हा विषय कुणाच्या तोंडी आला नाही.

तिचा जन्म इंग्लंडात, न्यूकॅसलच्या टाइन नदीकाठी. 1945 मध्ये ती पाण्यात उतरली तेव्हा तिचे नाव 'हर्क्युलिस' होते. महायुद्ध संपल्यामुळे काम अर्धवट राहिले. भारताने ती विकत घेतल्यावर बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत तिची उरलेली बांधणी झाली आणि मार्च 1961 मध्ये तिच्यावर तिरंगा चढला. त्या पिढीची जहाजे वाफेवर चालत, आणि वाफेच्या जहाजात बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत जिथे म्हणून उष्णता आहे, तिथे तेव्हाच्या प्रत्येक यार्डात ॲस्बेस्टॉस लावत. बेलफास्टच्या त्या गोदीचे 1989 मध्ये खासगीकरण झाले. खरेदीदारांनी धंदा घेतला, पण जुनी कंपनी सरकारच्या गळ्यात राहिली, आणि तिच्याकडे मुख्यतः एकच काम उरले: जुन्या कामगारांचे ॲस्बेस्टॉसच्या आजाराचे दावे चुकते करत राहणे. जहाज बांधण्याशी संबंध सुटलेली एक जहाजबांधणी कंपनी निव्वळ देणी भागवण्यासाठी जिवंत आहे.

एकाच नौकेची ही दोन टोके. एका टोकाला देणेकरी कोण ते ठाऊक आहे आणि त्याच्या दारावर पाटी आहे. दुसऱ्या टोकाला काय आहे, हे पाहण्याआधी पहिल्या टोकाचे देणे कसे ठरले ते नीट समजून घ्यावे लागेल. ते सरकारच्या दयेने ठरलेले नाही. त्यामागे सत्तरएक वर्षांची कोर्टकचेरी आहे.

ॲस्बेस्टॉस हा मुळात दगड. पण असा दगड की तो कापसासारखा पिंजता येतो, विणता येतो, पाण्यात कालवून लिंपता येतो, आणि तो जळत नाही. जहाजावर सर्वांत मोठी भीती आगीची. त्यामुळे हा दगड जहाजबांधणीला देवाने धाडल्यासारखा वाटला यात नवल नाही. यार्डात नळ्यांना वेष्टन घालणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग असे. ते ॲस्बेस्टॉसची पूड पिंपात ओतून पाण्यात कालवत आणि तो लगदा हातांनी नळीवर थापत. ग्लासगोजवळच्या क्लाइड नदीकाठी त्या लगद्याला कामगार 'माकडाचे शेण' म्हणत. सरळ नळ्यांसाठी अर्धगोल तयार तुकडे येत. ते वळणावर बसेनात की तिथेच करवतीने कापायचे. इंजिनाच्या खोलीत वारा नाही, खिडकी नाही. कापलेल्याची धूळ बत्तीच्या उजेडात तरंगत राहायची. त्याच खोलीत वीजतंत्री तारा ओढतोय, सुतार फळ्या ठोकतोय, वेल्डर वाकून बसलाय. शिकाऊ पोरे त्या ओल्या लगद्याचे गोळे करून एकमेकांना मारायची, जणू बर्फच पडला आहे. संध्याकाळी झाडूवाला कोरड्या झाडूने सगळे लोटायचा, म्हणजे खाली बसलेली धूळ पुन्हा वर. आणि त्या दिवसाचे कपडे घरी बायको झटकून धुवायची. पुढे आजार झालेल्यांत अशा बायकाही निघाल्या.

हे तपशिलात सांगायचे कारण, कायद्याचा सगळा पेच या खोलीतच आहे. धूळ कुणी उडवली आणि छातीत कुणाच्या गेली, यांचा मेळ तिथे बसत नाही. वेष्टनवाल्याचा मालक वेगळा, वीजतंत्र्याचा ठेकेदार वेगळा, यार्ड तिसऱ्याचे, जहाज चौथ्याचे, आणि पूड पाठवणारा कारखाना पाचव्याचा. त्यात आजार असा की तो तीस-चाळीस वर्षे गप्प बसतो. ॲस्बेस्टोसिसमध्ये फुप्फुस हळूहळू घट्ट होत जाते, ते निदान किती वर्षे किती धूळ खाल्ली याच्याशी जुळते तरी. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, हा त्याहून कपटी. त्याला फार धूळही लागत नाही, आणि नेमक्या कोणत्या वर्षीच्या धुळीने तो पेटवला हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही.

'आम्हाला तेव्हा माहीत नव्हते' हा मालकांचा पहिला बचाव. तो किती टिकतो? ब्रिटनमध्ये 1930 साली कारखाना निरीक्षक डॉ. मेरेवेदर आणि प्राइस यांनी सरकारला अहवाल दिला की ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात. 1931 मध्ये नियम आले, पण त्यांचा रोख ॲस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या कारखान्यांवर. गोदीत तोच माल करवतीने कापणारा माणूस बव्हंशी नियमाच्या कुंपणाबाहेर राहिला. अमेरिकेत 1943 साली, म्हणजे यार्डांत लाखो माणसे रात्रंदिवस राबत होती त्या धामधुमीत, नौदल आणि मेरिटाइम कमिशन यांनी ठेक्याच्या यार्डांसाठी सुरक्षेचे किमान नियम काढले. त्यांत ॲस्बेस्टॉसच्या धुळीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे माहीत होते. नियम छापलेला होता.

मग 1946 साली एक पाहणी प्रसिद्ध झाली आणि तिने पुढची वीस वर्षे घोळ घातला. नौदलाची जहाजे बांधणाऱ्या यार्डांतल्या 1,074 वेष्टनवाल्यांची छाती तपासली. ॲस्बेस्टोसिस फक्त 3 जणांना निघाला. निष्कर्ष: हा धंदा काही विशेष धोक्याचा नाही. पण ते तिघेही वीस वर्षांहून जास्त काळ त्या कामात होते, आणि तपासलेल्यांपैकी सुमारे 95 टक्के लोकांना दहा वर्षेही झालेली नव्हती. आंब्याची कोय लावून दुसऱ्या पावसाळ्यात फळ नाही म्हणून झाड वांझ ठरवावे, तसा हा प्रकार. पाहणी करणाऱ्यांनी आकडे लपवले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. निष्कर्षाच्या खालीच तक्ता होता. पण ज्यांना निष्कर्ष सोयीचा होता त्यांनी तक्ता कशाला वाचावा? नंतर 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर यांनी मेसोथेलिओमाचे 33 रुग्ण मांडले आणि 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. सेलिकॉफ यांनी वेष्टन कामगारांचा अभ्यास पुढे ठेवला, तेव्हा कुठे 'माहीत नव्हते' म्हणणे अवघड झाले.

आता दायित्वाकडे. मराठीत कामावर ठेवणारा तो मालक आणि जहाज ज्याचे तोही मालकच. कायद्यात हे दोन वेगळे इसम आहेत आणि त्यांची देणी वेगळी आहेत. हा फरक अमेरिकी कायद्याने सर्वांत स्पष्ट केला, आणि गंमत अशी की तो ज्या नावाने ओळखला जातो ते नाव आपल्या घरचे आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे भागीदार यांनी 1919 मध्ये मुंबईत उभी केलेली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. तिचे 'जलराजन' हे जहाज डिसेंबर 1972 मध्ये सिॲटल बंदरात गव्हाची पोती भरून घेत होते. जहाजाच्या विंचचा ब्रेक नीट लागत नव्हता. दोन दिवस तसेच काम चालले. पोती निसटली आणि खाली उभ्या गोदी कामगाराच्या अंगावर आली. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1981 च्या निकालात न्यायालयाने जहाजमालकाची कर्तव्ये आखून दिली: जहाज ताब्यात देताना ते काम करण्याजोगे असावे आणि छुप्या धोक्याची सूचना द्यावी, जो भाग मालकाच्या स्वतःच्या ताब्यात आहे तिथे काळजी घ्यावी, आणि ठेकेदार धडधडीत धोका पत्करतोय हे कळत असेल तर हात घालावा. बाकी रोजच्या कामावर पहारा देणे हे जहाजमालकाचे काम नव्हे. अमेरिकेतल्या बंदरी वकिलांच्या तोंडी आजही 'सिंदिया ड्यूटीज' हा शब्द असतो. वालचंदांची जहाजे केव्हाच भंगारात गेली, त्यांच्या कंपनीचे नाव परदेशातल्या कामगार कायद्यात असे अडकून राहिले.

त्या निकालामागची चौकट अशी. 1927 च्या गोदी कामगार भरपाई कायद्याखाली नोकरी देणाऱ्याने चूक असो-नसो भरपाई द्यायची. बदल्यात कामगाराने त्याच्यावर दावा लावायचा नाही. भरपाई नक्की, पण बेताची. जहाजमालकावर मात्र दावा लावता येतो, पण 1972 च्या दुरुस्तीनंतर त्याचा हलगर्जीपणा सिद्ध करून. मग यार्डांनी विचारले, जहाजच आमचे असेल तर? दुरुस्तीला आलेले जहाज यार्डाच्याच मालकीचे असले तर एकाच माणसावर दोन टोप्या. 1984 मध्ये संसदेने यार्डांच्या बाजूने कौल दिला: जहाज बांधणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या आणि तोडणाऱ्या कामगाराचा मालक हाच जहाजाचा मालक असेल, तर जहाजमालक म्हणून त्याच्यावर दावा नाही. एक दार तिथे बंद झाले. म्हणून अमेरिकेत ॲस्बेस्टॉसचा लढा तिसऱ्या दारावर गेला, माल बनवणाऱ्यांकडे. टेक्सासच्या यार्डांत आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांत 1936 पासून वेष्टने घालणाऱ्या एका कामगाराचा बोरेल खटला 1973 मध्ये अपील न्यायालयात जिंकला गेला. धोका ठाऊक असून सूचना न देणारा उत्पादक देणेकरी ठरला. तो कामगार निकालाआधीच गेला होता. पुढे दाव्यांचा पूर आला आणि 1982 मध्ये जॉन्स-मॅनव्हिल ही बलाढ्य कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याच्या आडोशाला गेली.

जहाजमालक हाच जेव्हा नोकरी देणारा असतो, म्हणजे खलाशांच्या आणि जहाजावरच्या अभियंत्यांच्या बाबतीत, तेव्हा काय? यावर सर्वांत शहाणा निकाल आमच्या मते ब्रिटनचा. 1950 च्या दशकात शेलच्या तेलवाहू जहाजांवर काम केलेल्या एका अभियंत्याला मेसोथेलिओमा झाला. दुरुस्ती करताना नळीवरचे वेष्टन फोडायचे, काम झाले की पुन्हा लिंपायचे. समुद्रात नळी फुटली तर तास-दोन तास त्या धुळीतच. कंपनीचे म्हणणे, एवढ्यातेवढ्या धुळीने धोका असतो असे तेव्हा कुणी म्हणत नव्हते, धोका कारखान्यातल्या ढिगाऱ्यांचा होता. 2001 मध्ये अपील न्यायालयाने हे फेटाळले. न्यायमूर्ती हेल यांचा मुद्दा साधा होता. प्रत्येक माणसाच्या वाट्याला किती धूळ येते ते तुम्ही मोजले नाही. मोजले नाही तर अंदाज कमीत कमी धुळीचा बांधून चालणार नाही, जास्तीत जास्त किती येऊ शकेल त्याचा बांधला पाहिजे, आणि खबरदारी त्या अंदाजाने घेतली पाहिजे.

इथे थांबून हे पुन्हा वाचावे असे आहे. मोजमाप न ठेवण्याचा फायदा मोजमाप न ठेवणाऱ्यालाच मिळावा, हा आजवरचा शिरस्ता होता. तो या निकालाने उलटा केला.

दुसरी गाठ त्याहून अवघड: नेमका कोण? समजा, एका माणसाने टाइनकाठच्या तीन यार्डांत काम केले. पहिल्यात दहा वर्षे, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात पाच. तिन्हीकडे बिनमुखवट्याची धूळ. पहिले यार्ड बुडाले, दुसऱ्याचा विमा कुठे होता ते सापडत नाही, तिसरे शाबूत आहे. जुन्या नियमाने त्याने दाखवायचे की याच यार्डाच्या धुळीने आजार झाला. ते तर डॉक्टरही सांगू शकत नाही. म्हणजे तिघांनीही चूक केली आणि तिघेही सुटले. 2002 मध्ये फेअरचाइल्ड खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ही गाठ तोडली: ज्याने धोका लक्षणीयरीत्या वाढवला तो जबाबदार, नेमका तंतू कुणाचा ते सिद्ध करण्याची गरज नाही. चार वर्षांनी, 3 मे 2006 रोजी, बार्कर खटल्यात त्याच न्यायालयाने अर्धे पाऊल मागे घेतले. या खटल्याबरोबर ऐकलेली आणखी दोन प्रकरणे टाइन परिसरातल्या जहाज कारखान्यांचीच होती. न्यायालय म्हणाले, जबाबदार सगळे, पण प्रत्येकाने आपल्या वाट्यापुरतेच द्यावे. आपल्या उदाहरणात तिसऱ्या यार्डाने पंचवीसातली पाच वर्षे, म्हणजे पाचवा हिस्सा. बाकीचे चार हिस्से? ते बुडालेल्या यार्डाकडे मागा.

तर्काने पाहिले तर बार्करचा निकाल काही वाईट नव्हता. ज्याने पाचवा हिस्सा धोका दिला त्याने पाचवा हिस्सा भरावा, यात अन्याय कुठे, असे कुणी विचारले तर उत्तर देणे सोपे नाही. प्रश्न न्यायाच्या सूत्राचा नव्हता, बुडीत खात्याचा होता: बुडालेल्या मालकाचा तोटा उरलेल्या मालकाने सोसायचा की मरणाऱ्या माणसाने? गोदीच्या गावांतून आणि कामगार संघटनांतून ओरड झाली, आणि ब्रिटिश संसदेने तीन महिन्यांच्या आत, 25 जुलै 2006 रोजी, कायदा करून निकाल फिरवला. मेसोथेलिओमात कोणताही एक दोषी मालक पूर्ण रक्कम देईल. इतरांकडून वाटा वसूल करण्याची दगदग त्याची. रुग्णाच्या हातात साधारण वर्ष-दीड वर्ष असते. तेवढ्यात त्याने पैसे घ्यायचे की जुन्या कंपन्यांची कुंडली मांडायची, हा विचार कायद्याने केला.

विम्याचा घोळ वेगळाच. धूळ 1958 मधली, आजार 1998 मधला. देणार कुठल्या वर्षीची विमा कंपनी? काही पॉलिसींवर 'झालेली इजा' असे शब्द होते, आणि विमा कंपन्या म्हणाल्या की इजा तर गाठ आली तेव्हा झाली, तेव्हा आमची पॉलिसी नव्हती. यावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2012 मध्ये आला: धूळ खाल्ली त्या वर्षीची विमा कंपनी. आणि ज्यांचा मालकही सापडत नाही आणि विमा कंपनीही नाही, त्यांच्यासाठी 2014 च्या कायद्याने विमा कंपन्यांवर पट्टी बसवून निधी काढला. पॉलिसीचे कागद हरवण्याचा भुर्दंडही अशा रीतीने कागद हरवणाऱ्या धंद्यावरच गेला.

हे चित्र फार गोड दिसू नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच इंजिनाच्या खोलीत गणवेशातला नौसैनिकही असे, आणि त्याचे हात बांधलेले होते. 1947 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नसे. ती अट 1987 मध्ये उठली, पण मागची वर्षे माफ झाली नाहीत. अमेरिकेत 1950 च्या फेरेस निकालाने हेच केले. शेजारच्या गोदी कामगाराला न्यायालयात जाता येत होते, नौसैनिकाने पेन्शनवर समाधान मानायचे.

आता दुसरे टोक. जहाज तोडताना बांधणीचा सगळा प्रकार उलट्या क्रमाने घडतो. चाळीस वर्षांपूर्वी लिंपलेले वेष्टन तोवर ठिसूळ झालेले असते. कटर लावण्याआधी ते उपसून काढावे लागते, आणि नाही काढले तर ज्योतीखाली जळत नाही, फक्त उडते. गुजरातेतल्या अलंगला 1983 पासून जहाजे किनाऱ्यावर चढवली जात आहेत. 2006 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेची तपासणी आहे: ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या 94 कामगारांपैकी 15 जणांच्या एक्स-रेत ॲस्बेस्टोसिसकडे बोट दाखवणाऱ्या रेषा. सहात जवळपास एक. त्याच वर्षी फ्रान्सने आपली 'क्लेमॉन्सो' ही विमानवाहू नौका ॲस्बेस्टॉसवरून गदारोळ झाल्यावर भारताच्या वाटेवरून परत बोलावली आणि ती पुढे इंग्लंडात तोडली. 'ब्लू लेडी' हे प्रवासी जहाज मात्र हजार टनांहून अधिक ॲस्बेस्टॉसयुक्त साहित्यासह अलंगला आले आणि 2007 मध्ये त्याला परवानगी मिळाली. वास्तविक 2003 मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले होते की जहाजाची सफाई तोडण्यापूर्वी जहाजमालकाने करायची.

मालक कुठला? शेवटच्या प्रवासाआधी जहाज बहुधा रोखीने घेणाऱ्या दलालाला विकले जाते, नाव बदलते, झेंडा बदलतो, आणि चिखलात येते ते कुणा अनोळखी कंपनीचे होऊन. ज्याने तीस वर्षे ते चालवले तो केव्हाच बाजूला झालेला असतो. या पळवाटेला ब्रिटनमध्येच थोडा धक्का बसला. बांगलादेशातील चितगावच्या किनाऱ्यावर एका तेलवाहू जहाजावरून पडून मेलेल्या कामगाराच्या पत्नीने लंडनमधल्या मरान कंपनीवर दावा लावला. कंपनी म्हणाली, जहाज आम्ही विकले, पुढचे आम्हाला काय? 2021 मध्ये अपील न्यायालयाने दावा सुरुवातीलाच फेटाळण्यास नकार दिला. ज्या भावाने जहाज गेले त्या भावावरूनच ते कुठल्या किनाऱ्याला जाणार हे विकणाऱ्याला कळत होते, असा त्यामागचा युक्तिवाद. तो अंतिम निकाल नव्हता, आणि प्रकरण ॲस्बेस्टॉसचे नव्हते. पण विकले की सुटलो, ही समजूत तिथे डळमळली.

आणि आपला कायदा? तो कागदावर ब्रिटनपेक्षा फार मागे नाही, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. ॲस्बेस्टोसिस आपल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होता. अशा आजारात मालक एकाहून जास्त असले तर सगळे जबाबदार, आणि कुणी किती द्यायचे ते आयुक्त ठरवील, असे कलम 3(2अ) सांगत असे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या गोष्टी आता उचलून घेतल्या आहेत. शिवाय 27 जानेवारी 1995 रोजी, ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगाला बजावले की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षे किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, जे उशिराचे असेल तोवर, जपून ठेवायची. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हेही त्याच निकालात. चाळीस वर्षे हा आकडा कुणीतरी आजाराची चाल ओळखून घातला आहे.

अडते ते आयुक्तांपुढच्या टेबलावर. सगळे मालक जबाबदार, ठीक. पण ते कोण होते? दारुखान्यात काम मुकादमाच्या टोळीवर चालते. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशातून माणसे येतात, एका जहाजावर चार महिने, दुसऱ्यावर सहा. हजेरी मुकादमाच्या खिशातल्या वहीत. वही भरली की नवी येते, जुनी कुठे जाते ते विचारायचे नसते. पहिला एक्स-रे नाही, त्यामुळे नंतरच्या एक्स-रेला ताडून पाहायला काही नाही. हेल यांचे तत्त्व इथे आणायचे तर त्यासाठी निदान मालकाचे नाव तरी हवे.

जहाजे सुरक्षितपणे तोडण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार 26 जून 2025 पासून लागू झाला. भारत त्यात 2019 मध्येच गेला आणि त्याच वर्षी जहाज पुनर्चक्रण कायदाही केला. आता जहाजावर कुठे, कोणत्या खोलीत, कोणत्या नळीवर ॲस्बेस्टॉस आहे त्याची यादी जहाजाबरोबर यावी लागते. हे उत्तमच झाले. पण त्या यादीला एक जोडपत्र लावायला फारसा खर्च येणार नाही: या जहाजावर या तारखांना ही माणसे राबली, कोणाच्या टोळीतून, कोणत्या खोलीत, आणि कामाला लागताना त्यांची छाती अशी होती. ते बंदराच्या प्राधिकरणाकडे 40 वर्षे ठेवावे. मालकाकडे नको, मालक बदलतात. आणि जिथे असे जोडपत्र नसेल तिथे कामगाराने सांगितलेला काळ आणि सांगितलेले काम खरे धरावे, खोडून काढण्याची जबाबदारी यार्डाची. विमाही असा हवा की धूळ खाल्ली त्या वर्षीची विमा कंपनी तीस वर्षांनीही नाकारू शकणार नाही. 2019 च्या कायद्यात विम्याची तरतूद आहे, ती आज पडून पाय मोडणाऱ्यासाठी आहे, 2045 मध्ये खोकणाऱ्यासाठी नाही.

'विक्रांत'चे पोलाद वाया गेले नाही. 2016 मध्ये एका कंपनीने ते वितळवून मोटरसायकलीत वापरले, तशी जाहिरात केली, आणि लोकांनी अभिमानाने गाड्या घेतल्या. ते पोलाद दारुखान्यातून कुणी विकत घेतले, कोणत्या भट्टीत गेले, कोणत्या गाडीत बसले, याचा माग काढता आला. तिच्यावर कटर धरणाऱ्या टोळ्यांतली माणसे तेव्हा विशी-तिशीत होती.